मंडळाचा रंग

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाई पंधरा दिवसांपूर्वी माझ्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "बाई, यंदा वर्धापनदिनाला तुम्ही रंगांवर बोला." मी शाळेत तीस वर्षे चित्रकला शिकवली. तेव्हा मी रांगोळीच्या किंवा चित्रांच्या रंगांविषयी चार शब्द सांगावेत, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी त्यांना म्हटले, "बोलेन, पण आपल्या मंडळाच्याच रंगाविषयी बोलेन. शिवाय त्यात मला माझी एक चूक कबूल करायची आहे, आणि तीही सर्वांच्या देखत." चिटणीसबाई जरा चपापल्या, पण हो म्हणाल्या. तेव्हा आजचे हे व्याख्यान थोडे आणि कबुलीजबाब फार, असे समजून आपण ऐकावे.

आपल्या मंडळाचा रंग कोणता, असे मी आता विचारले तर आपण सर्वजणी एका सुरात म्हणाल, "डाळिंबी!" आणि ते खरेच आहे. पहिली पाटी रंगवली तेव्हापासून तो चालत आला आहे. पण गेल्या महिन्यात मी एक उद्योग केला. कपाट उघडून मंडळाच्या नावाचे जे जे काही हाती लागले ते सारे सतरंजीवर मांडले. पाटीचा फोटो डाळिंबी. पावतीपुस्तक गुलाबी. मसाल्याच्या पाकिटावरचे लेबल विटकरी. मंडळाच्या साड्या दोन खेपांना घेतल्या, त्यांतली पहिली डाळिंबी आणि दुसरी चक्क वांगी. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावरचे चिन्ह राणी रंगाचे. आणि मागच्या प्रदर्शनातला फ्लेक्स तर केशरी, कारण फ्लेक्सवाल्याने "ताई, हाच उठून दिसतो" असे सांगितले आणि आपण मान डोलावली. एकाच घरातली सख्खी भावंडे, पण एकाचे तोंड दुसऱ्यासारखे नाही!

आता कोणी म्हणेल, "त्यात काय बिघडले? माल तर चांगला आहे ना?" माल चांगला आहेच. पण त्या प्रदर्शनानंतर आठ दिवसांनी दरवर्षी आपल्याकडून मेतकूट नेणाऱ्या एक आजी मला देवळात भेटल्या. म्हणाल्या, "यंदा तुम्ही गाळा घेतला नव्हता वाटतं? मी दोन फेऱ्या मारल्या, डाळिंबी कापड कुठं दिसेना. मग समोरच्यांकडून घेतलं." आपण तर चारही दिवस तिथेच बसलो होतो! आजींना दुरून पाटी वाचता येत नाही. त्या रंगाच्या खुणेने येत होत्या आणि ती खूण आपणच पुसली होती.

भगिनींनो, संस्थेचा रंग म्हणजे काही तिचा नट्टापट्टा नव्हे. दुरून मारलेली हाक म्हणजे रंग. लाल पेटी दिसली की ती टपालाची, हे अक्षर न येणारालाही कळते. विलायतेत सुरुवातीला बहुतेक टपालपेट्या हिरव्या असत. त्या लोकांना चटकन दिसत नाहीत अशी तक्रार झाली, आणि १८७४ सालापासून त्यांना लाल रंग द्यायला सुरुवात झाली. साऱ्या पेट्या रंगवून व्हायला दहा वर्षे लागली म्हणतात. पण एकदा ठरवलेला लाल त्यांनी सोडला नाही, म्हणूनच लाल पेटी आणि टपाल यांची जोडी लोकांच्या डोळ्यांत पक्की बसली.

"आम्ही कुठे सोडला? आम्हीही डाळिंबीच सांगतो," असे आपण म्हणाल. इथेच खरी मेख आहे. "डाळिंबी" हा शब्द आपण सांगतो, रंग सांगत नाही. लक्ष्मी रस्त्यावर ब्लाऊजपीस घ्यायला जाताना आपल्यापैकी कोणी दुकानदाराला नुसते "हिरवा द्या" म्हणते का? आपण साडी बरोबर नेतो. तो दहा हिरवे पुढे टाकतो. पोपटी, शेवाळी, मोरपंखी, मेंदी. आपण पदर लावून पाहतो, आणि तेवढ्यावरही समाधान न मानता कापड घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात येतो. कारण आत ट्यूबलाइटखाली जुळलेले रंग बाहेर आल्यावर एकमेकांशी फटकून वागतात, हे आपल्याला आपल्या आयांनी शिकवले आहे. त्याचे शास्त्र असे, की दोन कापडांतली रंगद्रव्ये वेगळी असली तर ती एका उजेडात सारखी आणि दुसऱ्या उजेडात निराळी दिसू शकतात. एवढ्याशा कापडासाठी आपण एवढी चिकाटी धरतो, आणि मंडळासाठी मात्र छापखान्यात फोनवरून "डाळिंबी टाका" एवढे सांगून मोकळ्या होतो!

आपल्या राष्ट्रध्वजाचेच उदाहरण घ्या. "वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा" एवढ्यावर हा देश थांबला नाही. भारतीय मानक संस्थेने १९५१ साली ध्वजाचे मानक लेखी ठरवले, आणि त्याचा क्रमांक आहे एक. कापड कसे, मापे कोणती, रंगाची छटा नेमकी कोणती, हे सारे त्यात लिहिलेले आहे. केशरी म्हणजे कोणता केशरी, याचे उत्तर कोणाच्या आठवणीवर सोडलेले नाही.

मग आपण काय करायचे? तीन जागी रंग तीन तऱ्हांनी तयार होतो, हे ध्यानात घ्यावे. कापडावर तो रंगाऱ्याच्या कढईतून येतो. कागदावर बहुधा चार शायांच्या बारीक ठिपक्यांतून येतो: निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी. मोबाइलच्या पडद्यावर शाई मुळीच नसते. तिथे तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन उजेड कमीजास्त मिसळतात. म्हणून पडद्यावर पाहिलेला रंग कागदावर थोडा मंद उतरतो. त्यात छापखान्याचा दोष असतोच असे नाही. या तिन्ही ठिकाणी आपला डाळिंबी कोणत्या प्रमाणात घ्यायचा, ते आकड्यांत लिहून ठेवता येते. पडद्यासाठी आकडे ० ते २५५ असे असतात. माझ्या भाच्याने आपल्या जुन्या पाटीवरून रंग जुळवून दिला, तो असा: तांबडा १२८, हिरवा २४, निळा ५२. छापखान्यासाठी शायांचे शेकडा प्रमाण छापखान्याच्याच माणसाकडून लिहून घ्यायचे. आणि या दोन्हींच्या शेजारी पहिल्या साडीचा वीतभर तुकडा टाचायचा. झाले आपले रंगपत्र! एक प्रत चिटणीसांकडे, एक छापखान्यात, एक कपाटात अंधाऱ्या जागी, कारण उन्हात कापड विटते आणि मग नमुनाच खोटे बोलू लागतो. डाळिंबीला सोबत साईच्या रंगाची, आणि मजकुराला काळी शाई. बस्स. दरवर्षी नवा रंग काढण्याची हौस आपण रांगोळीत भागवावी.

इथवर मी आपल्या सर्वांच्या चुका सांगितल्या. आता माझी.

मागच्या दिवाळीला मंडळाने फराळाचे डबे केले, ते आपल्याला आठवत असेल. चिवडा दोन तऱ्हेचा होता, एक शेंगदाणे घातलेला आणि एक शेंगदाण्यावाचून. ज्यांना शेंगदाणा बाधतो त्यांच्यासाठी दुसरा. काही मुलांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी इतकी कडक असते की चार दाण्यांनी घसा सुजून श्वास अडकतो. डबे ओळखायचे कसे, असा प्रश्न निघाला तेव्हा चित्रकलेच्या बाई म्हणून माझा सल्ला घेतला गेला. मी सांगितले, "लाल फीत म्हणजे शेंगदाणे आहेत, हिरवी फीत म्हणजे नाहीत. डब्यावर काही लिहू नका, लिहिले की शोभा जाते." सर्वजणींनी माझ्या कल्पनेची वाखाणणी केली. मलाही ती फार आवडली होती.

डबे घरोघर पोचवायला आपल्याच वाड्यातला एक सोळा वर्षांचा मुलगा आला. गुणी, सांगितलेले काम करणारा. त्याने यादीप्रमाणे डबे दिले, आणि ज्या घरी हिरव्या फितीचा डबा जायचा तिथे लाल फितीचा गेला. त्या घरात पाच वर्षांची मुलगी आहे. तिच्या आईने वाढण्याआधी डबा उघडून पाहिला, म्हणून निभावले. ती डबा घेऊन धावत मंडळात आली, तेव्हा तिचे हात कापत होते. आणि आम्ही काय केले? आम्ही चारचौघी त्या मुलावर तुटून पडलो. "एवढा घोडा झालास, लाल-हिरवं कळत नाही?" तो मान खाली घालून उभा होता. हळूच म्हणाला, "काकू, मला दोन्ही सारख्याच दिसल्या." कोणीतरी हसले. कोणी म्हणाले, "बघा, सबबी कशा सांगतो."

मी मात्र जागच्या जागी थिजले. कारण हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते, माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून. दादा लहानपणी झाडाची पाने तपकिरी आणि खोड हिरवे रंगवायचा. गुरुजींनी त्याच्या हातावर पट्टी मारली, आणि घरात आम्ही भावंडांनी त्याला "रंगारी" म्हणून चिडवून नकोसे केले. पुढे एका नोकरीच्या डोळे तपासणीत तो नापास झाला आणि घरी येऊन दोन दिवस कोणाशी बोलला नाही. तेव्हा आम्हाला कळले की तो ढ नव्हता, त्याचे डोळेच आपल्याहून निराळे होते. अशा भावाची मी बहीण, आणि त्यातून चित्रकलेची शिक्षिका, आणि मीच लाल-हिरव्या फिती काढल्या! दुसऱ्या दिवशी त्या मुलाला त्याच्या आईसह मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी ठिपक्या-ठिपक्यांच्या चित्रांची वही त्याच्यापुढे ठेवली. जपानमधल्या इशिहारा या डॉक्टरांनी १९१७ साली ही चित्रे प्रसिद्ध केली. आपल्याला ज्या पानावर आकडा स्वच्छ दिसतो, तिथे त्या मुलाला नुसते ठिपके दिसले.

याला रंगांधत्व म्हणतात. शब्द भयंकर आहे, पण अशा माणसाला जग काळेपांढरे दिसते असे मात्र नाही. डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन तऱ्हेच्या असतात. त्यांतली एखादी तऱ्हा नसली किंवा निराळी असली, की बहुधा लाल, हिरवा, तपकिरी हे रंग एकमेकांत मिसळतात. अणुसिद्धांत मांडणारे जॉन डाल्टन यांना स्वतःला हे होते आणि त्यांच्या भावालाही होते. त्यांनी १७९४ साली मँचेस्टरच्या विद्वत्सभेत त्यावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यांतला द्रव निळसर असावा, असा त्यांचा तर्क होता. १८४४ साली ते वारल्यावर त्यांच्याच इच्छेप्रमाणे डोळा तपासला, तेव्हा तो तर्क खोटा ठरला. जपून ठेवलेल्या त्या डोळ्यावरून १९९५ साली खरे कारण निश्चित झाले: हिरव्या उजेडाला दाद देणाऱ्या पेशींचाच अभाव.

युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण शंभरात सुमारे आठ आहे, आपल्याकडच्या पाहण्यांत ते काहीसे कमी आढळते. बायकांत मात्र ते फारच विरळा. म्हणूनच बायकांच्या मंडळात ही अडचण कोणाच्या ध्यानात येत नाही. पण ऐका, या लाल-हिरव्याच्या दोषाचा धागा आईकडून मुलाकडे जातो. आईजवळ त्या गुणसूत्राच्या दोन प्रती असतात. एक सदोष असली तरी दुसरी सांभाळून घेते, म्हणून तिला स्वतःला सारे दिसते. मुलाला आईकडून एकच प्रत मिळते. त्या मुलाची आई दवाखान्याच्या बाकावर रडू लागली, "म्हणजे माझ्यामुळंच की हो, बाई!" मी तिला म्हटले, "अगं, तुझा काय दोष? तुझ्या आईकडून किंवा वडिलांकडून तुला आलं, तसं त्याला गेलं. दोष माझ्या फितीचा." भगिनींनो, आपल्यापैकी कोणाच्या पोटी असा मुलगा, नातू, भाचा असेल, हे आपल्यालाही ठाऊक नसते. त्यालाही ठाऊक नसते. तो फक्त बोलणी खात असतो.

यावर उपाय अवघड नाही. रंगाला एकट्याने बोलू द्यायचे नाही, एवढेच. रंग सांगतो तेच अक्षराने किंवा आकारानेही सांगितले पाहिजे. आपण किराणा आणतो त्या पाकिटांवर शाकाहाराचा हिरवा ठिपका असतो. मांसाहाराचाही पूर्वी ठिपकाच होता, तपकिरी. हिरवा आणि तपकिरी म्हणजे ज्यांत घोटाळा होतो तीच जोडी! २०२० सालच्या लेबलांच्या नियमांत तो बदलून मांसाहारासाठी तपकिरी त्रिकोण केला. आता रंग कळला नाही तरी गोल आणि त्रिकोण हाताने चाचपल्यासारखे कळतात. माझा दादा स्कूटर चालवायचा तो याच बळावर. चौकातल्या दिव्यांत लाल वर आणि हिरवा खाली, ही जागा ठरलेली असते. तो रंग पाहत नसे, जागा पाहत असे.

आणखी एक गोष्ट आपल्या स्वतःच्या डोळ्यांची. वय वाढते तसे डोळ्यांतले भिंग पिवळसर होत जाते आणि फिके रंग एकमेकांत विरघळतात. हळदीकुंकवाच्या मागच्या पत्रिकेत वेळ आणि ठिकाण पांढऱ्यावर पिवळ्या अक्षरांत होते. आपल्या सर्वांत वडील सभासद त्या दिवशी आल्या नाहीत. विचारले तेव्हा म्हणाल्या, "जमलं नाही गं." पुढे त्यांच्या सुनेने सांगितले की पत्रिका त्यांना वाचताच आली नव्हती, आणि ते सांगायची त्यांना लाज वाटली. लाज आपल्याला वाटायला हवी होती.

अक्षराचा उठाव मोजता येतो. संगणकावरचा मजकूर सर्वांना वाचता यावा म्हणून ठरवलेले आंतरराष्ट्रीय निकष आहेत. त्यांत काळे-पांढरे यांचा उठाव सर्वांत जास्त, म्हणजे २१ धरतात, आणि लहान अक्षरांना तो निदान साडेचार हवा, मोठ्यांना तीन. आता गंमत पाहा. पांढऱ्यावर भडक पिवळ्याचा उठाव एकाहून जेमतेम जास्त, म्हणजे जवळजवळ नाहीच. पांढऱ्यावर झगझगीत लालाचा सुमारे चार, म्हणजे बारीक अक्षरांना तोही अपुरा. पानांच्या गडद हिरव्यावर लाल अक्षरे काढली तर दीडसुद्धा नाही. आणि आपला जुना डाळिंबी? पांढऱ्यावर दहाच्या आसपास! ज्यांनी तो पहिल्यांदा निवडला त्यांनी काही मोजमाप केले नव्हते. पण त्यांची निवड केशरी फ्लेक्सवाल्याहून शहाणी होती.

हे आकडे लक्षात ठेवायची गरज नाही. घरगुती कसोटी सांगते. पत्रिका किंवा लेबल छापण्यापूर्वी त्याची काळी-पांढरी झेरॉक्स काढा. त्यात सारे वाचता आले आणि दोन तऱ्हांचे डबे निराळे ओळखता आले, तर छापा. नाही, तर परत पाठवा. दोन रुपयांत काम होते. आणि ती झेरॉक्स आपण न वाचता आपल्यातल्या सर्वांत वयस्क बाईंना वाचायला द्या.

समारोप करते. कार्यकारिणीपुढे मी चार गोष्टी ठेवल्या आहेत, त्यांना आपण संमती द्यावी. पहिली, रंगपत्र करावे आणि त्याबाहेरचा रंग मंडळाच्या नावाखाली छापू नये. दुसरी, जुन्या वस्तू फेकू नयेत. पावतीपुस्तके संपतील तशी नवी योग्य रंगात घ्यावीत, म्हणजे खर्च वाढणार नाही. तिसरी, खाण्याच्या वस्तूवर रंगाबरोबर ठळक शब्द असलाच पाहिजे. चौथी, छापण्याआधी झेरॉक्सची कसोटी.

चौथीचा आणि तिसरीचा अनुभव आपण यंदाच्या दिवाळीत घेतलाच आहे. शेंगदाण्याचा चिवडा गोल डब्यात, बिनशेंगदाण्याचा चौकोनी डब्यात, आणि दोन्हींवर साईच्या रंगाच्या कागदावर डाळिंबी अक्षरांत लिहिलेले: "शेंगदाणे आहेत", "शेंगदाणे नाहीत". डबे पोचवायला मी मुद्दाम त्याच मुलाला बोलावले. पहिल्यांदा तो येईना. त्याच्या घरी जाऊन मी त्याची माफी मागितली, तेव्हा आला. साऱ्या पेठेत डबे दिले, एकही चुकला नाही. त्या पाच वर्षांच्या मुलीच्या आईने त्याच्या हातावर लाडू ठेवला, तेव्हा तो तसाच मान खाली घालून उभा होता. पण या खेपेला हसत होता.

आणि हो, डब्यावर अक्षरे लिहिल्याने शोभा काही गेली नाही.